झाडं रात्रीच का पडतात?

१९५६च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये मोजणीचं काम चाललं होतं. मोजणीदार दुपारी जेवायला गेले आणि नकाशा तिथेच ठेवून गेले. मुलांना खेळायला घेऊन आलेल्या एका आईने तो सहज उचलून पाहिला. ज्या झाडांखाली मुलं खेळत होती ती जागा सपाट करून शेजारच्या महागड्या रेस्टॉरंटच्या गिऱ्हाइकांसाठी ८० गाड्यांचा वाहनतळ होणार होता. आसपासच्या रहिवाशांना याची कुणकुणही नव्हती. त्यांनी अर्ज केले, बाबागाड्या घेऊन बुलडोझरसमोर उभे राहिले. तेव्हा काम थांबलं, पण २४ एप्रिलला शहर झोपेत असताना उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी कामगारांकरवी जागेला कुंपण घालून आतली झाडं पाडायला सुरुवात केली. सकाळी वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार पोचले. पडलेली झाडं आणि रडणाऱ्या आया यांचे फोटो छापून आले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि काही महिन्यांत मोझेस यांनी माघार घेतली. तिथे पुढे मुलांसाठी क्रीडांगण झालं.

तीन दशकं न्यूयॉर्कची उद्यानं, पूल आणि रस्ते आपल्या मर्जीने घडवणाऱ्या माणसाचा हा पहिला मोठा जाहीर पराभव मानला जातो. मला मात्र यात पराभवापेक्षा तो विसरलेला नकाशा महत्त्वाचा वाटतो. एवढ्या मोठ्या महानगरात, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बागेचा एक तुकडा जाणार आहे ही बातमी नागरिकांपर्यंत पोचली ती कोणाच्या तरी हलगर्जीपणामुळे. यंत्रणेने आपलं काम चोख केलं असतं तर कोणाला काही कळलंच नसतं.

आता वेळ पाहा. इस्तंबूलच्या गेझी पार्कमध्ये बुलडोझर शिरले ते २७ मे २०१३च्या मध्यरात्रीच्या सुमारास. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात रस्त्याकडेची आठ मोठी झाडं पाडायला माणसं आली ती १७ नोव्हेंबर २०१६ला पहाटे पाचला. लोकांनी आपल्या गाड्या हलवाव्यात म्हणून पोलिसांनी दारं ठोठावून त्यांना उठवलं, आणि अटक झालेल्यांत सत्तरीतल्या दोन बायका होत्या. मुंबईत ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने आरेमधल्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोडणी थांबवली, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. वेगवेगळे देश, वेगवेगळे कायदे, मध्ये त्रेसष्ट वर्षांचं अंतर, आणि घड्याळ मात्र सगळीकडे एकच वेळ दाखवतं.

यावर ठरलेलं उत्तर असतं की रात्री रहदारी कमी असते, अवजड यंत्रं आणणं सोपं जातं, सुरक्षितता राखता येते. त्यात तथ्य नाही असं नाही. पण ही सोय कोणाची? रात्री जी रहदारी टळते ती माणसांची असते; विचारणाऱ्या, अडवणाऱ्या, फोटो काढणाऱ्या माणसांची.

सार्वजनिक हिरव्या जागांच्या गैरवापराबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा काय बांधलं यावर वाद घालतो. मॉल वाईट, वाचनालय चांगलं. वाहनतळ वाईट, व्यायामशाळा चालेल. मला ही मोजपट्टी अपुरी वाटते. बागेच्या जागेवर काय आलं याइतकंच, ते येणार हे कोणाला, कधी आणि किती सांगितलं होतं यावर गैरवापर ठरायला हवा. माहिती दडवणं हा गैरवापराला पूरक असा वेगळा गुन्हा नसतो. बहुतेक वेळा गैरवापराची पहिली पायरी तीच असते. पुढचं सगळं, म्हणजे निविदा, पत्रे, फरशा, लोकार्पण, हे त्या पायरीवर उभं राहतं.

शेफील्डचं प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखं आहे, कारण त्याची नंतर रीतसर चौकशी झाली. शहराने २०१२ साली रस्तेदुरुस्तीचा २५ वर्षांचा करार एका कंपनीशी केला. त्यात रस्त्याकडेची झाडंही आली. झाडं पडू लागली तेव्हा नागरिकांनी विचारलं, किती पाडणार? परिषद, म्हणजे तिथली महापालिका, म्हणाली, पाडायचंच असं उद्दिष्ट नाही, ज्यांना इलाज नाही तीच जातील. कराराचा मोठा भाग व्यापारी गोपनीयतेच्या नावाखाली काळा केलेला होता. २०१८ साली माहितीच्या हक्काखाली ती पानं उघडली तेव्हा त्यात १७,५०० झाडं बदलण्याचा आकडा निघाला. शहरातल्या रस्त्याकडेची जवळजवळ निम्मी झाडं. मध्यंतरी परिषदेने लोकांचा राग शांत करायला एक स्वतंत्र वृक्ष समिती नेमली होती. त्या पहाटेच्या रस्त्याबद्दल समितीने बरीच झाडं वाचवता येतील असा सल्ला दिला होता. तो सल्ला आणि तो न मानण्याचा निर्णय परिषदेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला त्याच पहाटे, करवती येण्याच्या आगेमागे. म्हणजे कागदोपत्री माहिती दिली गेली. उद्या कोणी विचारलं तर तारीख दाखवता येईल.

मार्च २०२३ मध्ये सर मार्क लोकॉक यांचा चौकशी अहवाल आला. परिषदेने लोकांची आणि न्यायालयांचीही दिशाभूल केली, असा त्याचा स्पष्ट निष्कर्ष होता. परिषदेने माफी मागितली. माफीचं पत्र लांबलचक आहे आणि वाचण्यासारखं आहे, पण तोवर हजारो झाडं गेली होती. त्यांच्यातली कित्येक निरोगी होती.

अशा ठिकाणी एक वाक्य हमखास ऐकू येतं: एका झाडाच्या बदल्यात आम्ही अमुक झाडं लावू. हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की त्यातली लबाडी दिसेनाशी झाली आहे. लावलेल्या रोपांचा आकडा जाहीर होतो, त्याचे फोटो निघतात, फलक लागतात. तीन वर्षांनी त्यांतली किती जगली, याचा फलक मी कुठे पाहिलेला नाही. साठ वर्षांच्या झाडाचा पर्णसंभार, त्याची सावली, त्याच्या मुळांनी धरून ठेवलेलं पावसाचं पाणी यांची भरपाई काठीला बांधलेल्या दहा रोपांनी होत नाही. ती जगली तरी त्याला दशकं लागतात, आणि ती बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी मोकळ्या कोपऱ्यात लावलेली असतात. सावली गेली एका वस्तीची, रोपं मिळाली दुसरीला. या आकड्याचा उपयोग एकच आहे. ऐकणाऱ्याला गप्प करणं.

झाडं तोडली तर निदान दिसतं. बाग हळूहळू खाल्ली जाते तेव्हा तेही दिसत नाही. आधी चालण्यासाठी फरशीचा पट्टा येतो, मग तो रुंद होतो. मग माळीकामाच्या सामानाची खोली, तिच्याशेजारी सुरक्षारक्षकाची, मग स्वच्छतागृह, मग पंपघर, कारंजं, उघडी व्यायामशाळा, एखादं स्मारक, त्यासमोर कार्यक्रमासाठी चौथरा. यातल्या एकाही गोष्टीला विरोध करणारा माणूस विचित्रच वाटेल. स्वच्छतागृहाला कोण नाही म्हणेल? पण वीस वर्षांनी मोजलं तर मातीचा भाग निम्म्यावर आलेला असतो आणि कागदावर बागेचं क्षेत्रफळ होतं तेवढंच असतं. कारण कागद सीमाभिंत मोजतो, माती मोजत नाही. प्रत्येक कामाची वेगळी फाइल, वेगळी मंजुरी, वेगळं उद्घाटन. बेरीज करायला कोणी बसलेलं नाही आणि ती प्रसिद्ध करायचं बंधन कोणावर नाही.

त्यात मातीचा स्वभाव असा की ती तक्रार उशिरा करते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांश वरच्या दोनेक फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच पलीकडे पसरलेली असतात. त्या जमिनीवरून ट्रक, क्रेन, मांडवाचे खांब गेले की मातीतली पोकळी दाबली जाते, हवा आणि पाणी खाली उतरत नाही, मुळं गुदमरतात. झाड लगेच वाळत नाही. शेंडा दोन-चार वर्षांनी विरळ होतो, मग एखाद्या वादळात ते पडतं, आणि कागदावर कारण लिहिलं जातं: वादळ. खोडाभोवती काँक्रीटचा गोल घालून वर तोच कट्टा म्हणून रंगवतात, त्यालाही हेच लागू आहे. झाडाला इतक्या प्रेमाने मारलेलं क्वचितच पाहायला मिळतं.

मोठ्या कार्यक्रमांना बाग भाड्याने देण्याची चाल आता जगभर आहे. पालिकांच्या तिजोऱ्या रिकाम्या असतात, हे मान्य. पण सांगतात काय? 'तीन दिवसांचा महोत्सव'. प्रत्यक्षात कुंपण, रंगमंच, जनित्रं, शौचालयं उभारायला आणि उतरवायला लागणारे आठवडे त्या तीन दिवसांत धरलेले नसतात. लंडनच्या ब्रॉकवेल पार्कबद्दल मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयात नेमकं हेच उघडं पडलं. मोकळी जमीन तात्पुरती वेगळ्या कामासाठी वापरायची तर तिथल्या नियोजन कायद्यात वर्षाला २८ दिवसांची सवलत आहे. महोत्सवांचे आणि उभारणी-उतरणीचे दिवस मिळून ३७ होत होते. ही सवलत इथे लागू होते हे स्थानिक परिषदेचं म्हणणं न्यायालयाने बेकायदा ठरवलं. महोत्सव तरीही झाले, परिषदेने नव्याने परवानगीची वाट काढली. मला त्या निकालापेक्षा एक गोष्ट खटकते: दिवस मोजणं हे इतकं साधं काम असताना ते करायला एका नागरिकाला उच्च न्यायालयापर्यंत का जावं लागलं?

बागेत माहिती नसते असं मात्र नाही. उलट पाट्यांचा सुळसुळाट असतो. फुलं तोडू नका, हिरवळीवर चालू नका, चेंडू खेळू नका, कुत्री आणू नका, झोपू नका, मोठ्याने बोलू नका. पालिका बागेत नागरिकांशी जे काही बोलते ते जवळपास सगळं आज्ञार्थात बोलते. त्याच फाटकावर, त्याच रंगात, 'या बागेचा ईशान्येकडचा कोपरा पुढच्या वर्षी पंपघरासाठी घेण्याचा प्रस्ताव आहे, नकाशा इथे, सभेची तारीख ही, तुमचं म्हणणं इथे कळवा' अशी पाटी मात्र दिसत नाही. ती सूचना असतेच. ती असते कुठल्या तरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, भूखंड क्रमांक आणि कलमांच्या जंजाळात, सात किंवा पंधरा किंवा तीस दिवसांच्या मुदतीसह. जो माणूस रोज सकाळी त्या कोपऱ्यात बसतो त्याला आपल्या कोपऱ्याचा भूखंड क्रमांक कसा माहीत असणार?

या पाट्या कशा लिहिल्या तर लागू पडतात, हाही प्रश्नच आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात लोक दगड झालेल्या प्राचीन लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिआल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या मजकुराच्या पाट्या लावून पाहिल्या. 'कितीतरी लोक तुकडे नेतात, त्याने जंगलाचं रूप बदललं' अशा अर्थाची पाटी होती तिथे जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. 'कृपया नेऊ नका' एवढंच साधं सांगणारी पाटी होती तिथे २ टक्क्यांहूनही कमी. पहिल्या पाटीचा हेतू चांगला होता, पण तिने येणाऱ्याला कळवलं की इथे सगळेच चोरतात. आपल्या बागांमधले, नागरिकांच्या बेशिस्तीचे पाढे वाचणारे फलक पाहिले की हा प्रयोग आठवतो. कचरा होतो कारण लोक घाणेरडे, झाडं मरतात कारण लोक बेपर्वा, असं चोवीस तास सांगणारी यंत्रणा स्वतःबद्दल एक ओळ सांगत नाही.

आणि काही पाट्यांवर अक्षरंच नसतात. लंडनच्या कॅम्डेन भागात २०१२ साली काँक्रीटचे बाक बसवले. त्यांचा पृष्ठभाग असा वाकडातिकडा आणि उतरता केला होता की त्यावर आडवं होता येऊ नये, स्केटबोर्ड घेऊन पोरांना खेळता येऊ नये. बाकाच्या मध्येच बसवलेली लोखंडी दांडी हा त्याचाच गरीब भाऊ. दांडी सांगते: दोन घटका टेक आणि ऊठ, आडवा होऊ नकोस. दुपारी काम नसलेला मजूर, घर नसलेला म्हातारा, कुठे जायचं ते न सुचलेला कोणीही. हा निरोप त्यांच्यासाठी असतो, आणि तो त्यांना बरोबर पोचतो. बागेत झोपणं हा गैरवापर आणि बागेत उपाहारगृह काढणं हा विकास, ही वर्गवारी कोणत्या सभेत ठरली?

बागेचं नुकसान होतं म्हणून काय नाकारायचं आणि काय खपवून घ्यायचं, याचा झगडा जुना आहे. १८६६च्या जुलैमध्ये मताधिकार मागणाऱ्या लंडनच्या कामगारांची हाइड पार्कमधली सभा सरकारने बंद फाटकांनी रोखली. गर्दीने लोखंडी कठडेच उपटले. सहा वर्षांनी, १८७२च्या कायद्याने तिथे जाहीर भाषणांना जागा मान्य झाली. आज पर्यटक ज्या 'स्पीकर्स कॉर्नर'ला कुतूहलाने भेट देतात तो त्या उपटलेल्या कठड्यांतून आलेला आहे. १९३९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका निकालात न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी म्हटलं की रस्ते आणि उद्यानं अनादि काळापासून लोकांसाठी विश्वस्त भावनेने राखलेली आहेत. तिथे जमावं, एकमेकांना आपले विचार सांगावेत, सार्वजनिक प्रश्नांची चर्चा करावी म्हणून. म्हणजे जाहीर संवाद हा बागेचा गैरवापर नाही, तिच्या असण्याच्या कारणांपैकी एक आहे.

तरी २००४ साली न्यूयॉर्कमध्ये इराक युद्धाविरोधी मोर्च्याच्या सभेला सेंट्रल पार्कची हिरवळ नाकारली गेली. कारण, गवत खराब होईल. वर्षभरापूर्वी त्याच हिरवळीवर एका रॉक बँडची प्रचंड मैफल झाली होती. गवताला तेव्हा काही झालं नसेल असं नाही, पण गवताचं मत तेव्हा कोणी विचारलं नाही. या नकारावरून झालेल्या एका दाव्यात २००८ साली शहराने तडजोड करून गर्दीची मर्यादा ५० हजारांवरून ७५ हजारांवर नेली. हिरवळ जपायला हवी, यात वाद नाही. पण जपण्याचा नियम नारा ऐकला की कडक आणि तिकीट दिसलं की सैल होत असेल, तर तो गवताचा नियम उरत नाही.

विश्वस्ताची ही कल्पना भारतीय न्यायालयांनीही ठामपणे मांडली आहे. १९९१ साली बंगळुरूमधल्या एका प्रकरणात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, आणि परिसरातल्या रहिवाशांना त्यासाठी दाद मागण्याचा हक्क आहे हे मान्य केलं. रुग्णालय हीदेखील चांगलीच गोष्ट, पण ती बागेची जागा नव्हे. १९९९ साली लखनौच्या झंडेवाला पार्कचा निकाल आला. तिथे महापालिकेने निविदा न काढताच एका बिल्डरला बागेखाली भुयारी बाजारसंकुल बांधायला दिलं होतं. 'वर बाग आहे तशीच राहील' हा बचाव न्यायालयाने मानला नाही. बांधकाम काढून बाग पूर्ववत करण्याचा आदेश दिला. बाग ही पालिकेची मालमत्ता नाही, ती लोकांच्या वतीने सांभाळायची ठेव आहे, हा त्यामागचा विचार. मग ठेवीदाराला ठेवीचा हिशेब न विचारता मिळायला हवा, हे ओघानेच आलं. तो मिळत नाही म्हणूनच दर वेळी कोर्टाची पायरी चढावी लागते.

हिशेब कधी द्यायचा याचं उत्तरही नवं नाही. डेन्मार्कच्या ऑर्हूस शहरात १९९८ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पर्यावरणविषयक निर्णयांत लोकसहभागाची अट अशी घातली आहे की तो लवकर व्हावा, सगळे पर्याय अजून खुले असताना व्हावा. भारत या कराराचा सदस्य नाही, पण हे वाक्य कोणत्याही पालिकेच्या भिंतीवर लावावं इतकं नेमकं आहे. कारण आज बहुतेक ठिकाणी हरकती मागवतात तेव्हा आराखडा पक्का झालेला असतो, सल्लागाराचं बिल निघालेलं असतं, ठेकेदार ठरलेला असतो. मग हरकत घेणारा आपोआप विकासाच्या आड येणारा ठरतो. शेरी आर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसतं कळवणं आणि नुसतं मत विचारणं या पायऱ्या त्यांनी देखाव्यात मोडल्या होत्या. अर्धशतक उलटलं तरी आपण त्या देखाव्यासाठीच भांडतोय; निदान कळवा तरी, एवढंच म्हणतोय.

गेझी पार्कमध्ये तेही झालं नव्हतं. एका जुन्या लष्करी बराकीची प्रतिकृती आणि तिच्यात दुकानं, असा तो बेत होता. रात्री बुलडोझर आले, पन्नासेक माणसांनी तंबू ठोकले, पोलिसांनी पहाटे ते जाळले, आणि काही दिवसांत आंदोलन देशभर पसरलं. शहर धुमसत असताना देशातली एक प्रमुख वृत्तवाहिनी पेंग्विन पक्ष्यांवरचा माहितीपट दाखवत होती. त्यानंतर तुर्कस्तानात पेंग्विन हे आंदोलनाचं चिन्हच बनून गेलं. पुढे प्रशासकीय न्यायालयाने तो आराखडा रद्द केला. स्थानिकांशी पुरेशी सल्लामसलत झाली नाही, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. बाग आजही आहे. पण त्या उन्हाळ्यात माणसं मेली, आणि कित्येकांना नंतर वर्षानुवर्षं तुरुंग भोगावा लागला. एका बागेबद्दल वेळेवर न सांगण्याची किंमत इथवर जाऊ शकते.

माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. सगळ्यांना विचारत बसलं तर शहरात काहीच होणार नाही, हा त्यातला सोपा. त्याला उत्तर शेफील्डने दिलं आहे: न विचारता वाचवलेला वेळ नंतर कोर्ट, पोलीस आणि चौकशी यांत कितीतरी पटीने गेला. अवघड आक्षेप दुसरा आहे. विचारलं की कोण बोलतं? ज्यांना सकाळी फिरायला वेळ आहे, अर्ज लिहिता येतो, सभेत उभं राहता येतं, ते. बागप्रेमी मंडळं अनेकदा झाडांसाठी जेवढ्या तळमळीने भांडतात तेवढ्याच तळमळीने मुलांचे चेंडू, प्रेमी जोडपी, फेरीवाले आणि झोपलेले मजूर यांच्याविरुद्धही भांडतात. बाकावर दांडी बसवा अशी मागणी करणारं निवेदन पालिकेला बहुधा त्यांच्याकडूनच जातं. माहिती खुली झाली म्हणून ती सारखी वाटली जात नाही. म्हणून तर पाटी वर्तमानपत्रात नको, फाटकावर हवी. इंग्रजी कलमांत नको, तिथे येणाऱ्यांच्या भाषांत हवी. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला कार्यालयात नको, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी त्याच बागेत हवी. वाचता न येणाऱ्यासाठी जमिनीवर चुन्याची रेघ मारा: इथून इथपर्यंत जाणार. मोजणीदारांना ती रेघ मारता येते, ते स्वतःसाठी मारतातच. एक रेघ, तीन महिने, लोकांच्या पायाखाली. याला ना फार पैसे लागतात ना नवा कायदा.

आणि दरवर्षी एक पान. बागेत उघडी माती किती, मागच्या वर्षी किती होती; किती झाडं, गेली किती, लावलेल्यांतली जगली किती; किती दिवस कोणाला भाड्याने दिली, पैसे किती आले, ते याच बागेवर खर्च झाले की नाही. हे पान फाटकावर लावलं तर नकाराच्या दहा पाट्या काढून टाकता येतील, कारण आपल्या जागेचा हिशेब हातात असलेला माणूस तिच्याशी जरा वेगळा वागतो असा माझा समज आहे. समजच, त्याचा कोणी प्रयोग करून पाहिला तर मला आवडेल.

राहता राहिला सर्वांत मोठा प्रश्न, घरांचा. बर्लिनचा टेम्पलहोफ विमानतळ २००८ साली बंद झाला आणि २०१०च्या मे महिन्यात त्याची जवळजवळ ३०० हेक्टरांची मोकळी भूमी लोकांसाठी खुली झाली. धावपट्टीवर सायकली आल्या, पतंग आले, भाजीचे वाफे आले. शहराने काठावर सुमारे ४,७०० घरं आणि एक मोठं वाचनालय बांधायचं ठरवलं. घरांची टंचाई खरी होती आणि बांधायचं होतं तेही मॉल नव्हे. २५ मे २०१४ला सार्वमत झालं. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद घराघरांत छापील गेला. ६४ टक्के लोकांनी काहीही बांधू नका असं सांगितलं आणि तसा कायदा झाला. हा कौल चुकला असं म्हणणारे बर्लिनमध्ये पुष्कळ आहेत. घर शोधून थकलेल्या तरुणाला तीनशे हेक्टर गवत चैनीसारखं वाटलं तर त्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. २०१६ साली निर्वासितांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी त्या कायद्यात दुरुस्ती झाली. २०२३ साली सत्तेवर आलेल्या युतीने काठावरच्या घरांचा विषय पुन्हा काढला आहे, आणि तो उघडपणे काढला आहे: वर्तमानपत्रांत, सभांमध्ये, नकाशे मांडून. उद्या बर्लिनकरांनी मत बदललं आणि त्या गवतावर घरं उभी राहिली, तर माझ्याच कसोटीप्रमाणे मला त्याला गैरवापर म्हणता येणार नाही. ते मला जड जाईल, पण म्हणणार नाही.